अळिंबीचे ‘बियाणे’
‘स्पॉन’ या संज्ञेसाठी मराठीत ‘बियाणे’ हा शब्द रूढ झाला आहे. परंतु त्यात बी नसते. जेम्स सिंडेन यांनी १९३२ साली पेटंट मिळविलेल्या धान्यपद्धतीत दाणा हा केवळ वाहक व अन्न होय. सजीव असते ते त्यावरील कवकजाल. घरी गहू न फुटेल इतपत शिजवून निथळावा, त्यात चुनखडीची भुकटी व जिप्सम मिसळावे आणि बाटलीत भरून कापसाचा बोळा लावावा. नुसत्या उकळीने जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत; त्यासाठी प्रेशर कुकरमध्ये १५ पौंड दाबाखाली, १२१ अंश सेल्सिअसला, दीड ते दोन तास ठेवावे लागते. निवाल्यावरच शुद्ध कवकजाल सोडावे. शब्दाला प्रमाण मानून जो दाण्याची उगवणशक्ती जपेल, त्याचे बियाणे नासेल.