हिरोशिमा : जिथं अणुबॉम्ब हा महापालिकेचा विषय आहे

नांदेड-लातूरच्या माणसाला महापौर आठवतो तो नळाला पाणी आलं नाही की. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर, तेव्हा शहराला महापालिका नावाची काही चीज आहे याची आठवण घरोघरी झाली. एरवी कचरा, गटार, दिवाबत्ती. अणुबॉम्बवर आपल्या महापौरानं काही बोलावं अशी अपेक्षा कुणी करत नाही. तो दिल्लीचा विषय.

जपानमधल्या हिरोशिमात मात्र तो महापालिकेचा विषय आहे, आणि नुसता भाषणापुरता नाही. शहराच्या मधोमध बारा हेक्टरांवर पसरलेलं शांतता स्मारक उद्यान ही पालिकेची करणी. जगभरातल्या आठ हजारांहून जास्त शहरांना अण्वस्त्रांविरुद्ध एकत्र आणणाऱ्या ‘मेयर्स फॉर पीस’ या संघटनेचा कारभारही याच उद्यानातून चालतो.

रेल्वे स्टेशनवरून ट्राममध्ये बसलं की पंधरा-वीस मिनिटांत ‘गेनबाकू डोम’चा थांबा येतो. ओता नदी समुद्राला मिळण्याआधी फाटे फुटून पसरते, त्यातल्या दोन फाट्यांच्या बेचक्यात हे उद्यान आहे. झाडं, हिरवळ, मोकळे रस्ते पाहून वाटतं की जागा पूर्वीपासून अशीच असावी. तसं नाही. इथं नाकाजिमा नावाची भरवस्ती होती; दुकानं, घरं, देवळं. जवळचा इंग्रजी ‘टी’च्या आकाराचा आइओई पूल विमानातून ठळक दिसत होता, म्हणून नेम त्याच्यावर धरला गेला. ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ. बॉम्ब जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. वर्षअखेरपर्यंत मेलेल्यांचा अंदाज १ लाख ४० हजार.

नदीपलीकडे दिसणारा गेनबाकू डोम, घुमटाचा तो सांगाडा, म्हणजे १९१५ मध्ये यान लेत्झेल या चेक वास्तुविशारदानं बांधलेलं व्यापारी प्रदर्शनगृह. स्फोट जवळजवळ डोक्यावरच झाला, धक्का वरून खाली आला, म्हणून काही भिंती उभ्या राहिल्या. आतलं कुणीही वाचलं नाही. उद्यानातली आणखी एक इमारत प्रवासी सहसा चहा-पाण्यापुरती पाहतात, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आज तिथं पर्यटकांसाठी माहिती केंद्र आणि दुकान आहे. युद्धकाळात इंधनाच्या रेशनिंगचं कार्यालय होतं. त्या सकाळी एक कर्मचारी कागदपत्रं आणायला तळघरात उतरला होता. स्फोटाच्या केंद्रापासून अंतर जेमतेम १७० मीटर. तो वाचला आणि पुढं १९८२ पर्यंत जगला. तळघर आजही तसंच ठेवलंय, पायऱ्या उतरून पाहता येतं.

महापौर सेन्किची आवाया त्या दिवशी राहत्या घरीच मारले गेले. शहरातले दहापैकी नऊ डॉक्टर-परिचारिका मेले किंवा जखमी झाले. किल्लारीचा भूकंप भोगलेल्या मराठवाड्याला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणेशविसर्जनाची रात्र सरता सरता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी गावंच्या गावं बसली. पण लातूर शहर उभं होतं, सोलापूर उभं होतं. दवाखाने चालू होते, लष्कर पोहोचलं, राज्यभरातून ट्रक भरून भाकरी आल्या. मदत करणारा शाबूत होता. हिरोशिमात ज्यानं मदत करायची तोच ढिगाऱ्याखाली होता. अणुयुद्धाबद्दल महापौरांनी का बोलायचं, याचं उत्तर मला इथं सापडतं. बॉम्ब टाकायचा की नाही हे राजधानी ठरवते. प्रेतं उचलणं, पाणी देणं, भात शिजवणं हे पालिकेच्या अंगावर पडतं.

ते ज्याच्या अंगावर पडलं त्याचं नाव शिन्झो हामाई. बॉम्ब पडला तेव्हा तो पालिकेत रेशनवाटप विभागाचा प्रमुख होता. उरलेल्यांच्या तोंडात घास कसा पडेल, हे त्याचं काम. १९४७ मध्ये लोकांनी थेट मतदानानं निवडून दिलेला तो पहिला महापौर झाला आणि त्याच वर्षी ६ ऑगस्टला त्यानं पहिली शांतता घोषणा वाचली. ती प्रथा आजवर चालू आहे. १९४९ मध्ये शहराच्या पुनर्बांधणीसाठी खास कायदा झाला, उद्यानाचा आराखडा केन्झो तांगे यांनी केला, १९५२ मध्ये कमानीचं स्मारक उभं राहिलं. तिच्यासमोर उभं राहून वाकलं की कमानीतून मागची ज्योत आणि त्यामागचा डोम एका रेषेत दिसतात. कमानीखाली दगडी पेटी आहे. तिच्यात मृतांच्या नावांच्या वह्या असतात. वाचलेले पुढं मरतात तशी दरवर्षी त्यात नवी नावं जातात. २०२५ च्या ६ ऑगस्टला ती ३ लाख ४९ हजारांवर गेली होती.

डोम पाडावा असं म्हणणारेही गावात कमी नव्हते. रोज डोळ्यांसमोर कशाला, हे त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. १९६६ मध्ये नगरसभेनं तो राखायचा ठराव केला, आणि पैशांसाठी हामाई स्वतः टोकियोच्या रस्त्यावर देणगीपेटी घेऊन उभे राहिले. डिसेंबर १९९६ मध्ये डोम जागतिक वारशात गेला.

उद्यानातल्या संग्रहालयाचं तिकीट प्रौढांना २०० येन. तिथं एका शाळकरी मुलाचा डबा आहे. पत्रा वाकडा झालेला, आतला भात कोळसा झालेला. मुलाचा मृतदेह आईला सापडला तेव्हा डबा त्याच्या अंगाखाली होता. या डब्यापुढं माणसं थबकतात हे खरं. पण भारतीय प्रवाशानं दुसऱ्या एका गोष्टीपुढं थांबावं. १९६८ पासून जगात कुठंही अणुचाचणी झाली की हिरोशिमाचा महापौर त्या देशाला निषेधाचं पत्र पाठवतो. अमेरिका, रशिया, फ्रान्स, चीन, कुणालाही सोडलेलं नाही. अशी शेकडो पत्रं साठली आहेत. मे १९९८ मध्ये पोखरणनंतर आपल्याकडं पेढे वाटले जात होते, तेव्हा महापौर ताकाशी हिराओका यांचं पत्र आपल्या देशालाही गेलं. काही दिवसांत पाकिस्तानलाही. त्याचा राग यायचं कारण नाही. सगळ्यांना एकाच मापानं मोजणारी पत्रं ती.

नुसत्या पत्रांनी भागत नाही हे कळल्यावर महापौर ताकेशी आराकी यांनी २४ जून १९८२ ला न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण अधिवेशनात शहरांनी एकत्र यावं असं आवाहन केलं. नागासाकी जोडीला होतंच. १९९१ मध्ये यातून उभ्या राहिलेल्या ‘मेयर्स फॉर पीस’ला संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेत सल्लागाराचा दर्जा मिळाला. पुढं तादातोशी आकिबा या गणिताच्या प्राध्यापक महापौरानं २०२० पर्यंत अण्वस्त्रं संपवायची मुदत जाहीर केली. ती हुकली, सपशेल हुकली. अण्वस्त्रबंदीचा करार मात्र २०१७ मध्ये १२२ देशांच्या मतांनी झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये लागू झाला. त्यावर भारताची सही नाही; जपानचीही नाही. महापौर काझुमी मात्सुई ६ ऑगस्टच्या घोषणेत आपल्याच सरकारला या करारात या असं सांगतात, आणि पंतप्रधान समोर बसून ते ऐकतात.

मोतोयासू नदीच्या काठी, डोमपासून जवळच, महात्मा गांधींचा अर्धपुतळा आहे. भारतानं दिलेला, ४२ इंची, ब्राँझचा. २० मे २०२३ ला पंतप्रधान मोदींनी मात्सुई यांच्या उपस्थितीत त्याचं अनावरण केलं. घडवणारा हात धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांचा.

राहता राहिले आपले महापौर. नांदेड-वाघाळा महापालिका १९९७ ची, लातूरची २०११ ची. कायद्यानं कारभाराच्या चाव्या आयुक्ताकडं. महापौराकडं सभेचं अध्यक्षपद आणि अडीच वर्षं. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर दोन्ही शहरं तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाच्या हाती होती. हिरोशिमाचा महापौर थेट निवडून येतो, चार वर्षं असतो, पालिका खरोखर चालवतो. त्याच्या बोलण्याला वजन येतं ते त्यामुळंही. पण संघटनेत यायला अधिकारांची यादी कुणी मागत नाही. वर्गणी शहरामागे वर्षाला २,००० येन, म्हणजे आपले हजार-बाराशे रुपये. महापौरांच्या एका सत्काराच्या हारांना याहून जास्त लागतात. अर्जावर सही महापौरांची लागते.