ब्राह्मीघृत, कावळा आणि फांदी

मागच्या व्याख्यानानंतर सक्करदऱ्याचे एक गृहस्थ थांबले होते. मुलगा पाच वर्षांचा, ऑटिझम असलेला. ते म्हणाले, "सर, तीन महिन्यांपासून ब्राह्मीघृत देऊन राहिलो, अन् पोरगा आता डोळ्यांत पाहतो. हे खरं मानायचं का नाही?" तेव्हा आम्ही उत्तर टाळलं. आज देतो.

डोळ्यांत पाहतो, हे खरंच. तुपामुळे पाहतो, हे अजून ठरायचं आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते ना, त्यालाच आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. स्वमग्न मूलही वाढत असतं. कधी अडतं, कधी महिन्याभरात दोन पावलं पुढे जातं. शिवाय हा मुलगा त्याच तीन महिन्यांत स्पीच थेरपीला जात होता.

आपण फक्त अन्वय पाहतो: औषध दिलं, सुधारणा झाली. व्यतिरेक पाहत नाही: दिलं नसतं तर? 1999 साली अमेरिकेत सिक्रेटिन या संप्रेरकाची चाचणी साठेक मुलांवर झाली. निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं. सुधारणा दोन्ही गटांत जवळपास सारखीच! निकाल सांगितल्यावरही बहुतेक पालकांना सिक्रेटिन हवंच होतं. आम्ही त्यांना हसणार नाही. आशा अशी सुटत नाही.

आणि ब्राह्मी तरी कोणती? कोणी नीरब्राह्मी देतो, कोणी मंडूकपर्णी. नाव एक, वनस्पती दोन. नीरब्राह्मीचे प्रयोग बहुतांशी प्रौढांच्या स्मरणशक्तीवर झालेत, ऑटिझमवर नाहीत.

भस्मांचं प्रकरण जास्त गंभीर. बोस्टन परिसरातल्या दुकानांतली 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्याचे निष्कर्ष 2004 साली आले. 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. शिसं तर लहान मुलाच्या मेंदूलाच बाधतं. म्हणून भस्म असलेलं काहीही देण्याआधी वैद्यांकडे जड धातूंच्या तपासणीचा अहवाल मागा. मागायला संकोच कसला? मूल रिस्पेरिडोन घेत असेल, तर तगर-जटामांसीने सुस्ती वाढू शकते. तेव्हा डॉक्टरांपासून लपवू नका.

पूरक म्हणजे भर. थेरपी बंद करून, त्या पैशातून औषधाचा कोर्स घेतला तर भर कशात घालणार?

त्या गृहस्थांना आम्ही एवढंच सुचवू. डॉक्टरांना सांगून तूप एक महिना थांबवा. थेरपी, शाळा, जेवण तसंच ठेवा. मूल किती वेळा नजर देतं, हे बालवाडीच्या बाईंना रोज वहीत लिहायला सांगा. तूप कधी चालू, कधी बंद, हे मात्र बाईंना कळू देऊ नका.