पाचेचा गंध आणि त्याची पारख

मराठीत ‘पाच’ हा शब्द एका रत्नासाठी योजतात, तसाच एका सुवासिक पानासाठीही योजतात. हिरवेपणा दोहोंतही सारखाच. वेणीत मरवा आणि दवणा यांच्या जोडीने गुंफलेली ही पाने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना परदेशी सुगंधाच्या कुपीवरील ‘पॅचुली’ हा शब्द फार परका वाटावयास नको. तमिळमध्ये ‘पच्चै’ म्हणजे हिरवे व ‘इलै’ म्हणजे पान. या दोहोंच्या संयोगातून ते नाव सिद्ध झाले, असे सामान्यतः मानतात. नाव दक्षिण भारताचे असले, तरी जिचे तेल जगाच्या बाजारात विकले जाते ती वनस्पती फिलिपाईन्स व आसपासच्या बेटांकडची आहे. फ्रान्सिस्को मान्वेल ब्लांको या स्पॅनिश धर्मोपदेशकाने १८३७ साली तिचे वर्णन करून तिला पुदिन्याच्या गणात बसविले; पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला पोगोस्टेमॉन या गणात हलविले. आपल्याकडची पाच ही तिचीच बहीण. दोघीही तुळशीच्या कुळातल्या.

युरोपला या गंधाची ओळख झाली ती काश्मिरी शालींमुळे. कसर लागू नये म्हणून शालींच्या घड्यांत ही वाळलेली पाने घालीत. गंधाचा इतिहास लिहिणाऱ्या सेप्टिमस पीस याने १८५५ च्या सुमारास नोंदविले आहे, की ग्राहक खरी हिंदी शाल तिच्या वासावरून ओळखत. फ्रेंच विणकरांनी नक्षीची नक्कल केव्हाच साधली होती, पण वास साधेना. अखेर त्यांना गुपित उमगले. त्यांनी पानेच मागविली आणि घरच्या मागावरील शाली हिंदी म्हणून खपविल्या. नाकावर विसंबणारा ग्राहक नाकानेच फसला!

आजच्या ग्राहकाचीही फसगत होते, पण ती निराळ्या तऱ्हेने. तो ‘पॅचुली’ नावाची एक कुपी घेतो, तिला ओल्या मातीचा किंवा जुन्या तळघराचा दर्प येतो, आणि हा गंधच आपल्याला मानवत नाही असा निकाल देऊन तो मोकळा होतो. वस्तुतः त्याने नाकारलेली असते ती एक कुपी. या एका नावाखाली इतके भिन्न गंध वावरतात, की पहिल्याच अनुभवावर सगळ्यांचा त्याग करणे म्हणजे एक आंबट आंबा खाऊन आंब्यालाच नावे ठेवणे होय.

हे वैविध्य पानापासूनच सुरू होते. ताज्या पानाला वास बेताचाच. कापलेली पाने सावलीत वाळवितात व काहीशी आंबू देतात. त्यामुळे तेल धारण करणाऱ्या पेशींच्या भित्ती फुटतात आणि वाफेला तेलापर्यंत वाट मिळते. मग सहा-आठ तास, कधी त्याहूनही अधिक काळ, वाफेने ऊर्ध्वपातन करितात. शंभर किलो वाळलेल्या पानांतून साधारणपणे दोन ते तीन किलो तेल हाती येते. पात्र लोखंडी असेल तर लोहाच्या संयोगाने तेल तांबूस-काळे होते. पोलादी निष्कलंक पात्रातील तेल फिकट पिवळे असते. जगातील बहुतेक तेल इंडोनेशियातून येते. तेथे या झाडाला ‘निलाम’ म्हणतात. नवे तेल उग्र व हिरवट वाटते, ठेवल्याने ते मऊ व गोलाईदार होते. बहुतेक सुगंधी तेले वयाबरोबर बिघडतात. हे त्याला एक ठळक अपवाद आहे.

तेलाचा मुख्य घटक पॅचुलॉल. त्याच्या रेणूत कार्बनचे १५ अणू असतात. संत्र्याच्या सालीतील लिमोनीनमध्ये ते अवघे १० असतात. हलका रेणू चटकन उडून जातो, जड रेणू रेंगाळतो. म्हणूनच संत्र्याचा वास घटकाभरात नाहीसा होतो आणि पॅचुलीचा कपड्यावर दिवसचे दिवस राहतो. याच गुणामुळे इतर चंचल गंधांना धरून ठेवण्यासाठी सुगंधकार तिचा आधार घेतात.

या पॅचुलॉलने रसायनशास्त्रज्ञांनाही एकदा चकविले. १८६९ मध्ये त्याचे स्फटिक वेगळे केले गेले, परंतु रेणूची घडण कळावयास जवळजवळ शतक लागले. १९६२ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज ब्यूखी यांनी तो प्रयोगशाळेत संश्लेषित केला. बनविलेला पदार्थ नैसर्गिक पदार्थाशी तंतोतंत जुळला, तेव्हा मानलेली घडण बरोबरच ठरली असे सर्वांना वाटले. पण १९६३ मध्ये क्ष-किरणांनी स्फटिकाचे परीक्षण झाले आणि घडण निराळीच निघाली! संश्लेषणाच्या एका पायरीत अणूंची अनपेक्षित पुनर्रचना झाली होती. चुकीचा नकाशा घेऊन निघालेला प्रवासी वाट चुकल्यामुळेच योग्य गावी पोहोचला होता.

तेलात ग्वायीन, बुल्नेसीन इत्यादी इतर घटकही आहेत. ग्वायीनचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन रोटंडोन हे द्रव्य तयार होऊ शकते. त्याचा शोध पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली नागरमोथ्याच्या तेलात लाविला होता. पुढे २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांना आढळले, की मिऱ्यांचा खमंग वास याच द्रव्याचा असतो. आणि तपासणीतील सुमारे पंचमांश माणसांना तो तीव्र प्रमाणातही जाणवला नाही. माणसाच्या नाकात सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राहक असतात आणि त्यांची घडण व्यक्तिपरत्वे थोडीफार बदलते. तेव्हा एकाच कुपीविषयी दोन मित्रांचा वाद झाला, तर दोघेही खरे बोलत असण्याचा संभव आहे. दुसऱ्याच्या शिफारशीवर सुगंध विकत घेणे हे त्याच्या चष्म्याने वाचण्यासारखे आहे.

मग निवड कशी करावी? प्रथम शुद्ध तेलाचा एक थेंब कागदाच्या पट्टीवर घेऊन त्यातील काय आवडते आणि काय खुपते, हे ठरवावे. मातीचा दर्प खुपत असेल, तर त्याने ऊर्ध्वपातनाने पुन्हा शुद्ध केलेल्या तेलाचे सुगंध पाहावेत. त्यांतील जड, बुरसट भाग काढून टाकलेला असतो. २०१४ मध्ये फिरमेनिश या स्विस कंपनीने शर्करेच्या किण्वनातून बनविलेले ‘क्लिअरवुड’ हे द्रव्य बाजारात आणले. तेही याच स्वच्छ वळणाचे आहे. गोडाची आवड असणाऱ्यास १९९२ चा ‘एंजल’ रुचेल, कारण त्यात पॅचुलीला भाजक्या साखरेच्या वासाची जोड आहे. जुन्या धाटणीचा, मसालेदार व भारदस्त गंध हवा असेल तर १९३२ चा ‘टाबू’ आहे. १९१७ च्या ‘शिप्र’पासून चालत आलेल्या घराण्यात पॅचुलीला दगडफुलासारख्या शेवाळी गंधाची व बर्गमॉट या लिंबाची साथ मिळते. गुलाबाशी तर तिचे चांगलेच जमते. भारतीय नाकाला हा मार्ग बहुधा सर्वांत सोपा वाटेल.

एका बैठकीत तीनांहून अधिक सुगंध हुंगू नयेत. नाक लवकर थकते. दुकानदार कॉफीच्या बिया पुढे करितात, पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्या साध्या हवेपेक्षा अधिक उपयोगी ठरल्या नाहीत. बाहेर जाऊन दोन श्वास घ्यावेत, ते पुरे. पहिल्या पाच मिनिटांत जे जाणवते ते मद्यार्क व हलके घटक यांचे काम असते. पॅचुली खरी बोलू लागते ती तासाभरानंतर. म्हणून मनगटावर लावून घरी जावे, संध्याकाळी पुन्हा हुंगावे, आणि सकाळी उशीला येणारा वास आवडला तरच पैसे मोजावेत. शुद्ध तेल त्वचेवर थेट चोळू नये. ते सौम्य तेलात मिसळून हाताच्या आतील बाजूस थोडेसे लावून पाहावे.

स्वस्त तेलाविषयी सावध असावे. त्यात गर्जन वृक्षाचा तैलयुक्त राळरस किंवा देवदारवर्गीय लाकडाचे तेल मिसळण्याची प्रथा जुनी आहे. ही भेसळ नाकाला सहजी कळत नाही. प्रयोगशाळेत वायुवर्णलेखनाने घटक वेगळे केले म्हणजे मात्र ती लपत नाही. रंगावरून तेलाची परीक्षा करू नये. तेल काळपट असले तर त्याचे कारण बहुधा लोखंडी पात्र असते. कुपी अंधाऱ्या व थंड जागी घट्ट झाकून ठेवावी आणि पांढऱ्या कपड्यांपासून दूर ठेवावी, कारण गडद तेलाचा डाग धुऊन सहसा जात नाही.