ह्यूम एंड : बार्शी लाइटच्या धाकट्या भावंडाचे अखेरचे स्थानक

बार्शी लाइट रेल्वे महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. तिचे एक धाकटे भावंड इंग्लंडात होते, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसते. स्टॅफर्डशायर परगण्यात मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यातून २७ जून १९०४ रोजी सुरू झालेली लीक अँड मॅनिफोल्ड लाइट रेल्वे ती हीच. वॉटरहाउसेसपासून निघणारा हा मार्ग अवघा सव्वाआठ मैलांचा. त्याच्या उत्तर टोकास असलेल्या ह्यूम एंड स्थानकाचा येथे विचार करावयाचा आहे.

दोन्ही मार्गांचा अभियंता एकच, एव्हरार्ड कॅलथ्रॉप. रुळांचे मापही एकच, अडीच फूट. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, हे तत्त्व पाळून त्याने १८९७ साली बार्शीस हलक्या रुळांवर भरपूर माल वाहून दाखविला होता. मॅनिफोल्डची एंजिने बार्शीप्रमाणेच लीड्सच्या किट्सन कारखान्यातून आली. त्यांवरील भलेथोरले दिवे सोलापूरच्या माळरानावर शोभले असते. त्या चिंचोळ्या खोऱ्यात ते काहीसे विजोडच दिसत असावेत. माल उतरवून पुन्हा भरण्याचा खर्च वाचावा म्हणून मोठ्या मापाची भरलेली वाघीणच एका सखल वाहक-गाडीवर चढवून नेण्याची सोय कॅलथ्रॉपने केली. ब्रिटनमध्ये हा पहिलाच प्रयोग होय. ती वाघीण उतरविण्यासाठी काही स्थानकांच्या आवारांत मोठ्या मापाच्या रुळांचे सुटे तुकडे टाकलेले असत.

योजना निर्दोष होती. उणीव होती ती वाहतुकीची. ‘शीन व हार्टिंग्टनकरिता’ असे शब्द स्थानकाच्या नावास जोडावे लागले, यातच सर्व आले. मार्ग नदीकाठाने गेला आणि गावे राहिली डोंगरउतारांवर. एक्टनच्या तांब्याच्या खाणी एकोणिसाव्या शतकातच संपल्या होत्या. सुटीच्या दिवशी सहलीकरी गर्दी करीत. एरवी मार्गाचा मुख्य आधार दुधाचा. एक्टन येथील दुग्धालय १९३२ मध्ये बंद पडले आणि १० मार्च १९३४ रोजी शेवटची गाडी धावली.

या अपयशाचा दोष अरुंद मापावर टाकणे प्रस्तुत लेखकास रास्त वाटत नाही. त्याच मापाची बार्शीची गाडी १९०६ साली पंढरपुरास, १९११ साली लातुरास व १९२७ साली मिरजेस पोहोचली. वारकऱ्यांनी व कापसाच्या व्यापाराने तिला पोसले. १९५४ साली ती सरकारी मालकीची झाली, आणि तिचे रुंद मापात रूपांतर पुरे व्हावयास एकविसावे शतक उजाडले.

मॅनिफोल्डचे रूळ उखडल्यावर १९३७ साली त्या वाटेची पायवाट झाली. ह्यूम एंडचे तिकीटघर मात्र टिकले. एंजिनघराच्या जागी पुढे त्याच घाटाची इमारत उभी राहिली व तीत उपाहारगृह निघाले.