आधी डोकं, मग पोट

चाकणच्या तळेगाव चौकात नाहीतर पिंपरीत वायसीएम रुग्णालयाच्या आसपास सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात धरून रिक्षाची वाट बघणाऱ्या बायका रोज दिसतात. नवरा कंपनीत फर्स्ट शिफ्टला, सोबत सासू किंवा शेजारीण. रिपोर्टात बाळाची बरीच मापं असतात आणि प्रत्येकापुढे आठवडे. एरवी ते आकडे एकमेकांना धरून चालतात. कधी कधी मात्र डोक्याचा घेर ३१ आठवड्यांचा भरतो आणि पोटाचा २८. डॉक्टर सांगतात, "वाढ कमी आहे, पाणीपण कमी आहे, डॉपलर करून घ्या." घरी गेल्यावर ताटात एक भाकरी वाढते आणि उशाशी पाण्याचा तांब्या येतो. माया खरीच, पण त्या न जुळणाऱ्या आकड्यांत जे लिहिलेलं असतं, ते थक्क करणारं आहे. पोटातल्या त्या दीड किलोच्या जिवाने टंचाई ओळखलेली असते आणि कुणाला आधी वाचवायचं हेही ठरवलेलं असतं.

टंचाई येते कुठून? बहुतेकदा वारेतून. गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात वारेच्या पेशी आईच्या गर्भाशयातल्या नागमोडी, बारीक धमन्यांत शिरतात आणि त्यांच्या भिंतींमधले स्नायू मोडून काढतात. आवळता येणाऱ्या अरुंद नळ्या सैल आणि रुंद होतात, मग आईने मनात आणलं तरी तो प्रवाह रोखता येत नाही. हे काम अर्धवट राहिलं तर वारेला रक्त कमी पडतं. आईचा रक्तदाब चढणं आणि बाळाची वाढ खुंटणं हे म्हणूनच पुष्कळदा जोडीने येतात. तंबाखूची मिसरी लावणाऱ्या बाईच्या बाबतीत त्यात निकोटीनची भर पडते.

रक्तातला ऑक्सिजन घसरला की बाळाच्या मानेतल्या धमनीपाशी असलेल्या सूक्ष्म संवेदकांना ते कळतं. आतडी, मूत्रपिंडं, हातपाय यांच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी यांच्या रक्तवाहिन्या सैलावतात. धरणात पाणी कमी असलं की चासकमानच्या कालव्याचं आवर्तन जसं कुणासाठी तरी आखडतं घ्यावं लागतं, तसंच हे. फरक एवढाच की इथे बैठक होत नाही, मोर्चा निघत नाही. रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या डॉपलरवर डॉक्टर हेच बघतात. मेंदूतल्या मधल्या धमनीत रक्ताला अडथळा नेहमीपेक्षा कमी आणि नाळेत जास्त दिसला, म्हणजे वाटणी सुरू झाली.

आता पुन्हा रिपोर्टाकडे बघा. पोटाच्या त्या मापात मोठा वाटा यकृताचा असतो. साठवलेली साखर खर्ची पडते, यकृत लहान राहतं, घेर कमी भरतो. आणि 'पाणी कमी' म्हणजे काय? गरोदरपणाच्या दुसऱ्या अर्ध्यात गर्भजल हे मुख्यतः बाळाची लघवीच असते. मूत्रपिंडांचं रक्त मेंदूकडे वळवलं, लघवी कमी झाली, पाणी आटलं. दोन वेगळ्या तक्रारी वाटल्या होत्या, त्या एकाच निर्णयाच्या दोन खुणा निघाल्या. मला तर हा साधा छापील कागद एखाद्या ताळेबंदासारखा वाचावासा वाटतो.

मग मेंदू वाचतो का? बराचसा. पूर्ण नाही. २४व्या आठवड्यात मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत असतो. जन्मापर्यंत त्यावर घड्या पडतात, चेतापेशी एकमेकींशी जोडल्या जातात आणि तंतूंवर मायलिनचं आवरण चढायला सुरुवात होते. टंचाई नेमकी याच काळात सर्वाधिक जाणवते. वाढ खुंटलेल्या बाळांच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या बाह्य थराचं आकारमान कमी दिसतं. आठवणींशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पसही लहान आढळला आहे. त्याहून चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की मेंदूच्या आतही वाटणी चालते. सुरुवातीला कपाळामागच्या भागाला जास्त रक्त मिळतं. परिस्थिती बिघडत गेली की ते आतल्या, जगण्याच्या अधिक प्राथमिक कामांच्या केंद्रांकडे सरकतं. विचार करणं तेव्हा मागे पडतं, जगणं पुढे येतं.

याचा पुढे परिणाम काय होतो, हे पुण्यात फार चिकाटीने पाहिलं गेलं. केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ दरम्यान घरी सोडलेल्या, दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा सुरू केला आणि तो वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत नेला. त्यांनी एक महत्त्वाचा भेद केला: लवकर जन्मलं म्हणून लहान असलेलं बाळ वेगळं, आणि पोटातच वाढ खुंटलेलं बाळ वेगळं. बाराव्या वर्षी बुद्ध्यंक सर्वांत कमी भरला तो दोन्ही संकटं झेललेल्यांचा, म्हणजे लवकरही जन्मलेल्या आणि वाढही खुंटलेल्या मुलांचा. डोळा आणि हात यांचा मेळ, वाचन आणि गणित यांत अडचणी दिसल्या. तरीही कमी वजनाच्या या साऱ्या मुलांची सरासरी सामान्य मर्यादेत होती, पूर्ण दिवसांच्या, नीट वजनाच्या मुलांपेक्षा कमी असली तरी. 'वाढ कमी' म्हटल्यावर मुलाचं सगळं भविष्य ठरलं असं मानणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

वार बिघडलेली नसतानाही टंचाई येते, कारण तिला पुरवणारी आईच सडपातळ असते. पुण्यापासून ४०-५० किलोमीटरवरच्या सहा गावांत केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या संशोधकांबरोबर १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला. रानातली कामं, विहिरीचं पाणी डोक्यावर, उंची सरासरी १५२ सेंटीमीटर. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, साउथॅम्प्टनला ३.५. सर्वांत मागे पडलं होतं ते पोटाचं माप आणि सर्वांत कमी मागे पडली होती ती पाठीवरची चरबी. किरकोळ दिसणारं बाळ आतून चरबीला जपून होतं! मोठेपणीच्या मधुमेहाचा एक धागा याज्ञिकांना इथेच सापडला.

आईने किती उष्मांक खाल्ले यापेक्षा तिच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा आलं, याचं बाळाच्या मापांशी नातं अधिक ठळक निघालं. दोन तृतीयांश बायकांत बी-१२ कमी होतं, आणि मायलिन बनायला बी-१२ लागतंच. त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर गरोदरपणी बी-१२ खूप कमी असलेल्या आयांची मुलं लक्ष एकवटण्याच्या आणि अल्पकालीन स्मृतीच्या चाचण्यांत मागे होती.

पुढे हीच मुलं वयात आली. २०१२ मध्ये 'प्रिया' नावाच्या प्रयोगात गावांतल्या या तरुण पिढीला लग्नाआधीच गोळ्या सुरू झाल्या: काहींना नुसतं २ मायक्रोग्रॅम बी-१२, काहींना त्याच्या जोडीला इतर सूक्ष्म पोषकद्रव्यं, काहींना यातलं काहीच नाही. त्यांना झालेली बाळं दोन ते साडेतीन वर्षांची असताना तपासली, तेव्हा नुसतं बी-१२ घेतलेल्या आयांची मुलं समज आणि भाषा यांत पुढे निघाली. पोषकद्रव्यांची जास्त भर असलेल्या गोळीचा तसा फायदा मात्र दिसला नाही.