वाळूतले काळे कण आणि पाण्यातले रोबो

लहानपणी बांधकामाच्या वाळूत लोहचुंबक फिरवून बघितलंय ना? क्षणात त्याला काळ्या कणांची दाढी फुटायची. ते कण बहुतेक मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या एका ऑक्साइडचे. आता हाच पदार्थ पाण्यातलं विष गोळा करायला वापरून बघितला जातोय.

प्रागच्या रसायनशास्त्र व तंत्रज्ञान विद्यापीठातल्या मार्टिन पुमेरा यांच्या गटाने २०२२ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये असे नॅनोरोबो मांडले. एकेक रोबो साधारण २०० नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीत शेकडो मावतील. नाव रोबो असलं तरी आत मोटर नाही, बॅटरी नाही. मॅग्नेटाइटचा कण आणि त्यावर प्लुरॉनिक नावाच्या पॉलिमरचं आवरण, बस्स. बाहेरून चुंबकीय क्षेत्र फिरवलं की ते पाण्यात हलू लागतात.

खरी करामत आवरणाची आहे. ५ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात रोबो सुटे राहतात. तापमान २५ अंशांवर आलं की पॉलिमरच्या साखळीचा मधला भाग पाण्यापासून अंग चोरतो, रोबोंचे पुंजके होतात आणि त्यांत आर्सेनिक किंवा ॲट्राझिन हे तणनाशक अडकतं. मग चुंबकाने पुंजके बाहेर काढायचे आणि गार करायचे. ते विष सोडतात आणि पुन्हा कामाला लागतात.

चुंबकाचं महत्त्व इथे कळतं. रोबो पाण्यातच राहिले तर तेही एक प्रदूषणच!

मग बंगाल आणि बांगलादेशातल्या हातपंपांचा प्रश्न सुटला का? तिथल्या भूजलातल्या आर्सेनिकला ना रंग, ना चव. लोक वर्षानुवर्षं ते पीत आले. प्रयोगात १०० मिनिटांत सुमारे ६५ टक्के आर्सेनिक निघालं. समजा, लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम असेल, तर ३५ उरेल. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे १०. प्रत्येक फेरीत तेवढंच टक्के निघालं असं धरलं, तरी तीन फेऱ्या लागतील. शिवाय चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने घटतो. चंचुपात्रात जमलेलं टाकीत जमेलच असं नाही. आणि उष्ण प्रदेशात ५ अंशांचा गारवा फुकट मिळत नाही.

आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे, ते नष्ट होत नाही; फक्त जागा बदलतं. म्हणून पाणी स्वच्छ करणाऱ्या रोबोंची बातमी वाचलीत, तर दोन प्रश्न जरूर विचारा: पाण्यात विष किती उरलं? आणि काढलेलं कुठे ठेवलं?