नरक्या : घाटमाथ्यावरील कर्करोगरोधक वृक्ष

वृक्ष : सह्याद्रीच्या सदाहरित रानांत वाढणारा, फुलांना उग्र दुर्गंधी असलेला व औषधी व्यापारासाठी झालेल्या बेसुमार तोडीमुळे विरळ होत गेलेला लहान वृक्ष.

द्रव्य : कॅम्प्टोथेसिन. १९६६ साली अमेरिकेत वॉल व वाणी यांनी एका चिनी वृक्षातून विलग केलेले हे अल्कलॉइड १९७२ साली गोविंदाचारी व विश्वनाथन यांना नरक्यातही आढळले.

कार्य : डीएनएचा पीळ सैल करण्यासाठी टोपोआयसोमरेज-१ हे विकर त्याचा एक धागा कापून पुन्हा सांधते, कॅम्प्टोथेसिन विकराला त्या छेदाशीच जखडते, सांधणी अडते आणि विभाजन पावणारी पेशी मरते.

औषधे : कॅम्प्टोथेसिनपासून घडवलेली कर्करोगावरील टोपोटेकॅन, आयरिनोटेकॅन (अमेरिकेत मान्यता १९९६).

भेद : नरक्या खाद्य नव्हे. याउलट, कर्करोगावर गुणकारी म्हणून सांगितले जाणारे हळदीतील करक्युमिन आहारातले खरे, परंतु कर्करोगावरील औषध म्हणून त्यास मंजुरी नाही.